घाट आणि होडी : काशीच्या प्रवाशांचे प्रकार व त्यांच्या आकर्षणाचा इतिहास

१

१९६३ साली रोम येथे संयुक्त राष्ट्रांची प्रवास व पर्यटनविषयक परिषद भरली होती. परदेशात किमान चोवीस तास मुक्काम करणाऱ्या तात्पुरत्या पाहुण्याला 'पर्यटक' म्हणावे, असे तिने ठरविले आणि त्याच्या हेतूंचे दोन गट पाडले. व्यवसाय, कुटुंब, नेमून दिलेली कामगिरी आणि सभासंमेलने हा एक गट. दुसरा गट फुरसतीचा. त्यात करमणूक, सुट्टी, आरोग्य, अभ्यास, धर्म आणि खेळ यांचा समावेश होता. धर्मासाठी केलेला प्रवास अशा रीतीने सुट्टी आणि खेळ यांच्या पंगतीला येऊन बसला. आकडेवारी गोळा करणाऱ्यांना ही विभागणी सोयीची होती. परंतु साहित्याच्या अभ्यासकापुढे तिने एक प्रश्न उभा केला आहे. निरनिराळ्या प्रकारच्या प्रवाशांना एखाद्या देशाकडे काय ओढून आणते, हे त्यांच्या हेतूंची यादी करून खरोखर कळते काय?

मराठीत या क्रियेसाठी असलेले शब्दच या एकजिनसी वर्गीकरणाला विरोध करतात. यात्रा, तीर्थाटन, देशाटन, मुशाफिरी, प्रवास, सहल आणि पर्यटन हे शब्द समानार्थी नाहीत. यात्रेला फळ असते, देशाटनाने शहाणपण येते, मुशाफिराला घर नसते आणि सहलीला परतीची वेळ ठरलेली असते. शिवाय हे शब्द एकाच काळी रूढ झालेले नाहीत. प्रत्येकामागे विशिष्ट काळातील प्रवासाची रीत आणि त्या प्रवासाला चालना देणारे लेखन आहे.

हिंदुस्थानात येणाऱ्या व हिंदुस्थानातल्या हिंदुस्थानात फिरणाऱ्या प्रवाशांपैकी बहुतेक सर्व प्रकारांची गाठ ज्या एका नगरात पडते ते काशी होय. या नगराच्या इतिहासावरून दोन गोष्टी दिसतात. पहिली, प्रवाशाचे आकर्षण तो निघण्यापूर्वीच एखाद्या संहितेने घडविलेले असते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आणि कमी चर्चिलेली आहे. एका प्रकारचा प्रवासी जे मागे ठेवतो, त्यातूनच दुसऱ्या प्रकारच्या प्रवाशाचे आकर्षण तयार होते आणि पुष्कळदा पहिला प्रवासी स्वतःच दुसऱ्याचे 'प्रेक्षणीय स्थळ' बनतो.

२

काशीकडे यात्रेकरूला ओढणारी मुख्य संहिता म्हणजे स्कंदपुराणातील काशीखंड. कोणत्या स्थानी कोणते कर्म केल्याने कोणते फळ मिळते, हा माहात्म्यग्रंथाचा ठरलेला आकृतिबंध आहे. स्थान, कर्म आणि फळ या तीन दुव्यांनी नगराचा नकाशा बनतो. मात्र हा नकाशा डोळ्यांनी पाहण्यासाठी नसून पायांनी व कर्माने पुरा करण्यासाठी असतो.

सोळाव्या शतकात या परंपरेला शास्त्रीय शिस्त लावणारा ग्रंथ काशीतच लिहिला गेला. प्रयाग, काशी आणि गया यांच्या यात्राविधीचा 'त्रिस्थलीसेतु' हा तो ग्रंथ होय. त्याचे कर्ते नारायणभट्ट यांचे वडील रामेश्वरभट्ट हे पैठणहून काशीस येऊन स्थायिक झाले होते. पैठणचेच एकनाथही काशीस राहिले आणि एकनाथी भागवताची समाप्ती शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, त्यांनी तेथेच केली. दक्षिणेतील विद्वानांना काशी ओढून घेत होती, आणि पुढच्या यात्रेकरूंनी काशीत कसे वागावे हे तेच विद्वान लिहून ठेवीत होते.

त्रिस्थलीसेतूतील एक विचार आकर्षणाच्या मीमांसेच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. राजकीय आपत्तीमुळे पूज्य लिंग जागेवर नसले तरी यात्रेकरूने त्या स्थानाला प्रदक्षिणा व नमस्कार करावा, फळ मिळते, असा निर्वाळा नारायणभट्टांनी दिला. म्हणजे पाहण्याजोगी वस्तू नाहीशी झाली तरी यात्रेचे प्रयोजन उरते. पुढे येणाऱ्या पर्यटकाच्या बाबतीत असे म्हणता येणार नाही. जे पाहावयास यावे तेच नसेल तर त्याचा प्रवास फुकट जातो.

यात्रेकरूंमध्येही अनेक प्रकार होते. काही जण त्रिस्थळी यात्रा करून परत जात, तर काही जण मरण काशीत यावे म्हणून तेथेच राहत. त्यांच्या मुक्कामाला 'काशीवास' हे स्वतंत्र नाव आहे. चोवीस तासांपासून सुरू होणारी कोणतीही व्याख्या या मुक्कामाला लावता येत नाही. तीर्थयात्रेला राजकीय अंगही असे. थोरल्या बाजीरावाच्या मातोश्री राधाबाई १७३५ साली काशीयात्रेस निघाल्या, तेव्हा वाटेतील रजपूत राजांनी व मोगल सरदारांनी त्यांचा आदरसत्कार केला. मराठ्यांची सत्ता उत्तरेकडे सरकत असताना एका वृद्ध स्त्रीची यात्रा सुखरूप पार पडणे, ही त्या सत्तेची खूणच ठरली. दुसऱ्या बाजीरावाचे बंधू चिमाजी आप्पा पेशवाईच्या अखेरीनंतर काशीस राहिले. त्यांच्या आश्रितांपैकी मोरोपंत तांबे यांच्या कन्येचे नाव मणिकर्णिका ठेवण्यात आले. पुढे ती झाशीची राणी लक्ष्मीबाई झाली. येथे पुण्य आणि विस्थापन या दोन प्रेरणा एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

या सर्वांची नोंद तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत होत असे. त्या वह्यांमध्ये यात्रेकरूचे गाव, कूळ व पूर्वजांची नावे असत. पणजोबा येऊन गेल्याची नोंद पणतूला वाचून दाखविली जाई. काशीला पहिल्यांदा येणारा यात्रेकरूही या अर्थाने तेथे नवखा नसे.

३

हेतूंच्या शुद्ध वर्गीकरणाला छेद देणारे मराठीतील सर्वांत बोलके उदाहरण विष्णुभट गोडसे यांचे आहे. वरसईच्या या भिक्षुकाने १८५७ मध्ये उत्तरेचा रस्ता धरला तो कर्ज फेडण्यासाठी. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असून त्यात भरघोस दक्षिणा मिळेल, अशी वार्ता कोकणापर्यंत पोचली होती. चुलते रामभट यांच्यासह ते निघाले आणि महूच्या छावणीजवळ त्यांना बंडाची चाहूल लागली. पुढे झाशीच्या वेढ्यात ते सापडले, अनेकदा लुटले गेले, आणि अखेर काशीयात्रा करून गंगोदकाची कावड घेऊन घरी परतले. गाठीला द्रव्य फारसे उरले नव्हते. तरी त्या गंगोदकाने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. चिंतामण विनायक वैद्य यांनी संपादित केलेला त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली प्रसिद्ध झाला.

रोमच्या कोष्टकात गोडसे भटजींना कोठे बसवावे? दक्षिणा हा व्यवसाय, कावड हा धर्म, आईवडिलांचे स्नान हे कुटुंब, आणि बंडाचे साक्षित्व कोणत्याच रकान्यात बसत नाही. निघतानाचा हेतू एक, वाटेतील अनुभव दुसरा आणि परतताना हाती असलेली वस्तू तिसरीच. प्रवासवर्णन हा साहित्यप्रकार यादीपेक्षा श्रेष्ठ ठरतो तो याच कारणाने. हेतू प्रवासात कसा बदलतो हे केवळ कथनातूनच दाखविता येते.

ज्या बायजाबाईंच्या यज्ञाने गोडसे घराबाहेर पडले, त्यांची काशीतील कामेही येथे लक्षात घ्यावयास हवीत. ज्ञानवापी विहिरीवरील स्तंभमंडप त्यांनी १८२८ मध्ये उभारला आणि १८३० च्या सुमारास शिंदे घाट बांधला. तो घाट स्वतःच्याच भाराने खचला आणि १९३७ मध्ये त्याची पुन्हा बांधणी झाली. पुण्यकर्म म्हणून उभी राहिलेली ही दगडी रचना दुसऱ्या एका प्रकारच्या प्रवाशाच्या डोळ्यांत भरली.

४

विल्यम हॉजेस हा इंग्रज चित्रकार १७८१ मध्ये वॉरन हेस्टिंग्जच्या लवाजम्याबरोबर बनारसला आला. हिंदूंचे आचार व शिल्प जेथे परकीय मिश्रणावाचून पाहावयास मिळेल असे नगर आपल्याला भेटावे, अशी त्याची अपेक्षा होती. त्याच्या हिंदुस्थानप्रवासाचे पुस्तक १७९३ मध्ये निघाले. पाठोपाठ थॉमस व विल्यम डॅनियल हे चुलते-पुतणे येथे येऊन गेले. १७९५ पासून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चित्रमालेत दशाश्वमेध घाटाचे चित्र आहे. बनारसच्या टांकसाळीत १८२० ते १८३० या काळात काम केलेल्या जेम्स प्रिन्सेपने नगराच्या शिळाछाप चित्रांचा संग्रह १८३० च्या दशकारंभी काढला. १८२४ मध्ये बनारस पाहून गेलेल्या बिशप हेबरचे प्रवासवृत्त १८२८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले.

या चित्रांनी व वर्णनांनी युरोपीय वाचकाच्या मनात बनारसची एक प्रतिमा रुजविली. नदीतून दिसणारी, पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेली, काळाच्या पलीकडची अशी ती नगरी होती. परंतु या 'कालातीत' दर्शनी भागाचे वय किती होते? अहल्याबाई होळकरांनी विश्वनाथाचे मंदिर पुन्हा बांधले ते १७८० च्या सुमारास. हॉजेस आला तेव्हा त्या बांधकामाचा चुना जेमतेम सुकला असेल. दगडी घाटांपैकी पुष्कळसे अठराव्या शतकातील व एकोणिसाव्याच्या आरंभीचे आहेत. ते बांधणाऱ्यांत पेशवे, होळकर, शिंदे आणि नागपूरकर भोसले यांचा वाटा मोठा होता. म्हणजे युरोपीय प्रवासी ज्याला अतिप्राचीन समजून चितारीत होता, ती बव्हंशी त्याच्याच शतकातील यात्रेकरूंची निर्मिती होती.

यात्रेकरू व चित्रकार यांच्या दृष्टींमधील भेद अगदी शब्दशः दिशेचा आहे. काशी गंगेच्या पश्चिम तीरावर वसलेली असल्याने घाट पूर्वाभिमुख आहेत. पहाटे घाटावर उतरलेला यात्रेकरू उगवत्या सूर्याकडे तोंड करून अर्घ्य देतो. त्याच्या समोर नदी व रिकामे वाळवंट असते आणि नगर पाठीशी असते. होडीत बसलेला प्रवासी पश्चिमेकडे पाहतो. सूर्य त्याच्या पाठीशी असतो आणि समोर नगर, घाट व स्नान करणारा यात्रेकरू असतो. अर्घ्य देणाऱ्याला होडीची दखल घेण्याचे कारण नसते. होडीतल्याला मात्र अर्घ्य देणाऱ्यावाचून चित्र पुरे वाटत नाही.

५

चित्रकाराची होडी सर्वांसाठी खुली केली ती आगगाडी आणि सहलकंपनी यांनी. मरे या प्रकाशकाने मद्रास व मुंबई इलाख्यांची मार्गदर्शक पुस्तके १८५९ मध्ये काढली होती. थॉमस कुकने १८७२-७३ मध्ये प्रवाशांची तुकडी घेऊन जगप्रदक्षिणा केली, तीत हिंदुस्थानचा समावेश होता. १८८७ मध्ये गंगेवरील डफरिन पूल सुरू झाल्यावर पूर्वेकडून येणारी आगगाडी थेट नगरापर्यंत येऊ लागली. या सुधारणेने यात्रेकरूंची संख्याही वाढली, ही बाब विसरता कामा नये. कावडवाला आणि साहेब आता एकाच गाडीच्या निरनिराळ्या डब्यांतून उतरत.

१८९६ मध्ये आलेल्या मार्क ट्वेनने या नव्या प्रवाशाची मनोवृत्ती पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात नोंदविली आहे. रेव्हरंड पार्कर यांच्या बनारसविषयक मार्गदर्शिकेचा आधार घेऊन त्याने यात्रेकरूसाठी एक क्रमवार कार्यक्रमच लिहिला. भुकेपासून संरक्षण कोठे मिळेल, तापावर कोठे जावे, देवीच्या साथीसाठी कोणती देवता आणि दीर्घायुष्यासाठी कोणती विहीर, असा तो कार्यक्रम आहे. तुलनाकाराने येथे थांबून विचार करावा. स्थान, कर्म, फळ हा माहात्म्यग्रंथाचा आकृतिबंध मिशनऱ्याच्या मार्गदर्शिकेत शिरला आणि तेथून विनोदी लेखकाच्या हाती पडला. आशय उलटा झाला, पण सांगाडा काशीखंडाचाच राहिला. विडंबन करणाऱ्यालाही नगरात फिरण्यासाठी यात्रेकरूचाच नकाशा लागला.

मात्र याच ट्वेनने भास्करानंद सरस्वतींची भेट घेतली आणि त्यांना आपल्या 'हकलबेरी फिन'ची प्रत दिली. त्या भेटीचे वर्णन करताना त्याचा उपरोध मवाळ होतो. विनोद गोळा करण्यास आलेल्या माणसाला आदर बाळगण्याजोगे काहीतरी भेटले, ही नोंद त्याच्या पुस्तकात शिल्लक आहे.

६

काशीपासून जवळच असलेल्या सारनाथाचा इतिहास याच्या उलट दिशेने गेला. तेथे यात्रेची परंपरा खंडित झाली होती आणि ती पुन्हा जोडण्यास कारण झाले प्रवासवर्णन. सातव्या शतकात आलेल्या ह्युएनत्संग या चिनी भिक्षूचा वृत्तान्त एकोणिसाव्या शतकात युरोपीय भाषांत उतरला आणि उत्तर हिंदुस्थानातील बौद्ध स्थळे शोधताना अलेक्झांडर कनिंगहॅमने त्याचा वाटाड्यासारखा उपयोग केला. सारनाथात कनिंगहॅमने १८३५-३६ मध्येच उत्खनन केले होते. पुढे १९०४-०५ मध्ये ओर्टेलच्या उत्खननात अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष मिळाले. दरम्यान १८९१ मध्ये सिंहली बौद्ध कार्यकर्ते अनागारिक धर्मपाल सारनाथास आले होते. तेथील अवस्था पाहून ते अस्वस्थ झाले आणि त्याच वर्षी त्यांनी महाबोधी सोसायटी स्थापन केली. १९३१ मध्ये मूलगंधकुटी विहाराचे उद्घाटन झाले आणि त्याच्या भिंतींवर जपानी चित्रकार कोसेत्सु नोसु यांनी बुद्धचरित्र रंगविले.

या घटनाक्रमात एका यात्रेकरूचे लेखन पुरातत्त्वज्ञाचे साधन बनले आणि पुरातत्त्वज्ञाचे उत्खनन पुन्हा यात्रेकरूचे आश्रयस्थान झाले. यात्रेतून पर्यटन निर्माण होते आणि धर्म क्षीण होत जातो, ही सरळ रेषेची मांडणी सारनाथाला लागू पडत नाही.

७

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काशीकडे वळलेल्या दोन लेखकांची कामे या चर्चेला अधिक खोलवर नेतात. अमेरिकन कवी ॲलन गिन्सबर्ग १९६२ च्या अखेरीपासून १९६३ च्या मे महिन्यापर्यंत दशाश्वमेध घाटाजवळ राहिला. ज्या वर्षी रोमला व्याख्या ठरली, त्याच वर्षी हा प्रवासी मणिकर्णिकेवरील चिता रात्र रात्र पाहत होता. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेली त्याची भारतातील रोजनिशी सुंदर दृश्यांच्या शोधाची नाही. मृत्यूचे भय घालवता येते काय, हा तिचा प्रश्न आहे. काशीवासासाठी आलेल्या वृद्ध विधवेच्या आणि गिन्सबर्गच्या श्रद्धांत काहीच समान नाही. दोघांना तेथे आणणारी चिंता मात्र फारशी वेगळी नाही.

शुसाकू एंदो यांची १९९३ ची 'खोल नदी' ही जपानी कादंबरी तर निरनिराळ्या प्रवाशांच्या आकर्षणाचीच कथा आहे. एका सहलकंपनीबरोबर जपानी प्रवाशांचा गट काशीस येतो. त्यांतील एकाला पुनर्जन्म घेतलेल्या पत्नीचा शोध आहे, एकाला ब्रह्मदेशच्या युद्धात मेलेल्या सोबत्यांसाठी प्रार्थना करावयाची आहे, आणि एका तरुणाला छायाचित्रे हवी आहेत. कार्यक्रमपत्रिका सर्वांना एकच दिलेली आहे. ओत्सू हा जपानी ख्रिस्ती धर्मसेवक मरणासन्न गरिबांना पाठीवर घेऊन गंगेकडे नेत असतो. मनाई असताना तो तरुण चितेचे छायाचित्र घेऊ पाहतो, शोकाकुल लोक खवळतात आणि मध्ये पडलेला ओत्सू जबर जखमी होतो. होडीतून पाहणे निरुपद्रवी असते हा समज एंदो यांनी येथे मोडून काढला. दुसऱ्याच्या दुःखाला दृश्य मानण्याची किंमत कोणाला तरी द्यावी लागते, आणि बहुधा ती पाहणाऱ्याला द्यावी लागत नाही.

८

एकविसाव्या शतकात हे दोन दृष्टिकोन एकमेकांत मिसळत चालले आहेत. दशाश्वमेध घाटावर सायंकाळी होणारी भव्य गंगाआरती आज ज्या स्वरूपात दिसते, ते १९९० च्या दशकापासूनचे आहे. आरती करणाऱ्यांचे तोंड नदीकडे असते. साहजिकच ती समोरून दिसते ती होडीतून. लातूर किंवा नाशिकहून आलेला यात्रेकरूही आता संध्याकाळी होडी ठरवितो आणि घाटाकडे पाहतो. १३ डिसेंबर २०२१ रोजी उद्घाटन झालेल्या विश्वनाथ धाम प्रकल्पासाठी मंदिर व नदी यांमधील दाट वस्तीतील अनेक घरे पाडण्यात आली. पूर्वी गल्ल्यांतून वळणे घेत गाठावे लागणारे मंदिर आता घाटावरून सरळ रस्त्याने गाठता येते. यात्रेकरूंच्या गर्दीची सोय झाली, हे खरे. त्याबरोबरच दृष्टिआड असलेले स्थान दृष्टीच्या टप्प्यात आले, हेही खरे.

या बदलाला केवळ ऱ्हास म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. काशी प्रत्येक शतकात आपल्या प्रवाशांनीच बांधली आहे, आणि अहल्याबाईंच्या काळीही ती नव्याने उभी राहिली होती. परंतु यात्रेकरू जेव्हा 'देशांतर्गत पर्यटक' या आकड्यात मोजला जातो, तेव्हा त्याच्यासाठी काय बांधावे याचा निर्णयही त्या शब्दाला अनुसरून होऊ लागतो. पर्यटकासाठी दृश्य लागते. काशीवासासाठी आलेल्याला भाड्याची एक खोली, गल्लीतला शेजार आणि घाटापर्यंत चालत जाता येईल एवढे अंतर लागते. दृश्यासाठी जागा मोकळी करताना हा दुसरा प्रवासी कोणत्याही रकान्यात दिसत नाही.

प्रवासी-साहित्याच्या तौलनिक अभ्यासाचे काम येथे सुरू होते. माहात्म्य, भिक्षुकाचे आत्मकथन, चित्रसंग्रह, मार्गदर्शिका, विडंबन, रोजनिशी आणि कादंबरी या संहिता एकाच नगराविषयी असूनही त्यांना स्वतंत्र कप्प्यांत ठेवण्याची प्रथा आहे. त्या शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे दिसते की, देशाचे आकर्षण ही त्या देशात आधीपासून पडून असलेली वस्तू नसते. आधी येऊन गेलेल्यांनी ती मागे ठेवलेली असते. म्हणूनच कोण कशासाठी येतो, या प्रश्नाबरोबर त्याच्या येण्याने कोणाला जागा सोडावी लागते, हा प्रश्नही विचारावा लागतो. नारायणभट्टांच्या यात्रेकरूला लिंग दिसत नसतानाही कोठे नमस्कार करावयाचा हे ठाऊक होते. ते स्थान ओळखण्यासाठी त्याच्याजवळ ग्रंथ होता, उपाध्याय होता आणि वस्तीची स्मृती होती. यांपैकी वस्तीची स्मृती आता विरळ होत आहे आणि ज्या गल्ल्यांतून ती टिकून होती त्या गल्ल्याही. तिची नोंद यापुढे बव्हंशी वह्यांतून व पुस्तकांतूनच शोधावी लागेल.